नापास करावं की करू नये

नववीत असताना आमचा शनिवारचा शेवटचा तास मतदानाचा असायचा. वेळापत्रकात त्या जागी 'कार्यानुभव' लिहिलेलं होतं, पण इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांनी तो तास मागून घेतला होता. अमरावतीतली आमची शाळा जुनी, वर्ग गच्च भरलेला, पंखे दोन आणि त्यातला एक बंद. त्या बंद पंख्याखालच्या टेबलावर सर मिठाईचा रिकामा डबा ठेवायचे. झाकणाला ब्लेडने चीर पाडलेली. तीच आमची मतपेटी.

पद्धत अशी होती. सर पेपरातला एखादा चालू विषय फळ्यावर लिहायचे. आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर आपलं मत लिहून डब्यात टाकायचं. मग दोघं जण बोलायचे, एक बाजूने आणि एक विरोधात. कोणी कोणती बाजू घ्यायची हे ज्याला त्याला काय वाटतं त्यावरून नाही, चिठ्ठी उचलून ठरायचं. बोलून झालं की पुन्हा मतदान. किती जणांचं मत फिरलं ते सर फळ्यावर लिहायचे आणि खूश व्हायचे. कुठल्याही बाजूला फिरलेलं त्यांना चालायचं. एक नियम मात्र कडक होता. कोणी कुठं मत टाकलं हे विचारायचं नाही.

मला हा तास आवडायचा, कारण मला बोलता यायचं. शाळेत मोबाइल आणू द्यावा का, सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क द्यावा का, वेगळा विदर्भ हवा का. वेगळ्या विदर्भावर मी इतकी तावातावाने बोलले की घरी येऊनही थांबेना. बाबांनी जेवताना विचारलं, "तुले खरंच पाहिजे का?" मी घास हातात धरून बसले. खरंच पाहिजे का हा विचार मी केलाच नव्हता. चिठ्ठी तशी निघाली होती.

दिवाळीनंतर सहलीचं मतदान झालं. चिखलदरा की वेरूळ? चिखलदरा आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं, घरच्यांबरोबर नाहीतर मामाबरोबर. वेरूळ भरघोस मतांनी निवडून आलं. पुढच्या आठवड्यात सूचना फिरली, सहल चिखलदऱ्याला जाणार. मागच्या बाकावरून एक जण उठला.

"सर, मग मतदान काहून घेतलं?"

सरांनी खडू खोक्यात ठेवला. "मतदान मी घेतलं होतं," ते म्हणाले. "सहल शाळेची आहे."

वर्ग हसला. मीही हसले, पण मला नीट कळलं नव्हतं. चिखलदऱ्याला धुकं एवढं होतं की पॉइंटवरून काहीच दिसलं नाही.

त्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली होती. ती बडनेऱ्याहून यायची, ऑटोने, म्हणून मुली तिला 'बडनेरा'च म्हणू लागल्या. आधीच्या शाळेत ती नववीत नापास झाली होती आणि आता आमच्याबरोबर पुन्हा नववीत बसत होती. आमच्यापेक्षा एका वर्षाने मोठी, उंच, वेणी घट्ट, अक्षर छापल्यासारखं. ती माझ्या शेजारी बसायची. तिच्या डब्यातली आलूवांग्याची भाजी मला आवडायची, माझ्या डब्यातला उपमा तिला. नापास होण्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तेव्हाच पेपरात बातम्या येऊ लागल्या होत्या. इतकी वर्षं आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा कायदा होता. आता पाचवी आणि आठवीला परीक्षा, नापास झाला तर फेरपरीक्षा, आणि त्यातही गेला तर त्याच वर्गात परत. एका शनिवारी सरांनी फळ्यावर लिहिलं : 'मुलांना नापास करावं की करू नये?' लिहून झाल्यावर ते वळले, त्यांची नजर आमच्या बाकाकडे आली आणि तिथेच थबकली. विषय निवडताना ती त्यांच्या लक्षात आली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिल्या मतदानात जवळजवळ सगळा वर्ग 'करू नये' म्हणाला. नापास कोणाला आवडतं? मग हजेरीतून दोन नावं निघाली. एक माझं, एक तिचं. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या. माझ्या चिठ्ठीत 'करू नये' होतं, तिच्या चिठ्ठीत 'करावं'.

वर्गात कुजबुज झाली. सर पटकन म्हणाले, "तुम्ही दोघी बाजू बदलून घ्या पाहिजे तर. किंवा दुसरं नाव काढू."

"नाही सर," ती म्हणाली. "राहू द्या."

तयारीला पुढच्या शनिवारपर्यंत वेळ होता. मी मोबाइलवर शोधून, पेपर वाचून मुद्दे काढले. मुलांचा आत्मविश्वास खचतो. दोष मुलाचा नसतो, शिकवण्याचा असतो. शाळा सुटण्याचं प्रमाण वाढेल. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. ती काय तयारी करते आहे हे मला दिसत नव्हतं. आठवडाभर आम्ही डबे वाटून खाल्ले आणि विषय काढला नाही.

शनिवारी मी आधी बोलले. चांगलं बोलले, टाळ्या पडल्या. मग ती उठली. हातात कागद नव्हता. ती आमच्याशी बोलायची तसंच बोलू लागली, प्रमाणभाषेचा प्रयत्न दोन वाक्यांत सोडून दिला.

"मी पहिलीपासून आठवीपर्यंत दरवर्षी पास झाली. मले वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं यायची, पण ओळीच्या शेवटी आली की सुरुवात विसरून जायची. धड्याखालचे प्रश्न मी शेजारचीचं पाहून लिवायची. माझं अक्षर चांगलं होतं. त्याच्यानं बाईले वाटे का पोरगी हुशार आहे. नववीत मी नापास झाली तर बाबा म्हणे, हे एकदम कसं झालं? एकदम नव्हतं झालं. आठ वर्षं होऊनच राहिलं होतं. कोणी सांगितलं नाही."

तिने वेणी पुढे घेतली, परत मागे टाकली.

"मले तिसरीत थांबवलं असतं तर मी तिसरीत रडली असती. तिसरीतलं रडणं संध्याकाळपर्यंत असते. म्हणून नापास करावं."

एवढं बोलून ती बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला समजेना. सरांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी.

दुसरं मतदान सुरू झालं. मी चिठ्ठी समोर घेऊन बसले. 'करू नये' लिहायला पेन टेकवलं आणि शेजारी ती बसली होती, आठ वर्षं ओळीची सुरुवात विसरणारी. 'करावं' लिहायला गेले तर वाटलं, मग आत्ता अर्धा तास मी काय बोलत होते? रांग पुढे सरकली, सर "चला, चला" म्हणू लागले, आणि मी चिठ्ठी कोरीच घडी करून डब्यात टाकली.

सरांनी मोजणी मोठ्याने केली. 'करावं' मोठ्या फरकाने निवडून आलं. अख्खा वर्ग फिरला होता. मध्ये एका चिठ्ठीशी ते थांबले, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ही कोरी आहे. बाद." माझे कान तापले. मुली तिच्याभोवती जमल्या, तिला शाबासकी देऊ लागल्या आणि ती खाली बघत हसत होती. मी हरले होते याचं वाईट वाटत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढं माहीत आहे की त्या दिवशी मी घरी जाताना नेहमीचं वळण चुकले आणि पुढच्या चौकातून परत आले.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तेव्हा तिची शाळा अंजनगाव सुर्जीच्या अलीकडच्या एका गावात होती, रोज एसटीने जाणं-येणं. त्या संध्याकाळी ती ओट्यापाशी कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं. 'कोणी सांगितलं नाही' हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "म्हणजे पास करणाऱ्या बाईंची चूक झाली ना?"

आईचे हात परातीत थांबले.

"मी नवी लागली होती तेव्हाची गोष्ट आहे," ती म्हणाली. "तेव्हा थांबवता येत होतं. चौथीत एक पोरगी होती, तिला वाचता येत नव्हतं. मी तिला चौथीतच ठेवली. म्हटलं, एक वर्ष चांगलं घेऊ तिच्याकडून. जूनमध्ये शाळा उघडली तर आलीच नाही. घरी गेली मी बोलवायला. तिची आई म्हणे, तुमीच म्हटलं ना बाई का तिले येत नाही? मग काहून पाठवाचं?"

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी दिसली, बाजारात, डोक्यावर टोपली. मला पाहून हसली. चांगली हसली गं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर."

मी विचारलं, "मग तू तेव्हा चुकलीस का?"

"तिला वाचता येत नव्हतं हे खरंच होतं," आई म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "अन् आता मी पास करते, तर तुझी मैत्रीण म्हणते कोणी सांगितलं नाही. तेही खरंच आहे."

मला वाटत होतं, आई मोठी आहे, रोज तेच काम करते, तिला माहीत असेल. ती काहीतरी सांगेल आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटेल. उलट तिचाच आवाज खाली गेला होता.

महिनाभराने सरांनी आम्हा दोघींना अकोल्याच्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धेला नेलं. विषय तोच होता, म्हणूनच त्यांनी आम्हाला निवडलं होतं. प्रत्येक शाळेची एक मुलगी बाजूने बोलणार, एक विरोधात. आम्ही निर्धास्त होतो, भाषणं पाठ होती. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्या दिसत होत्या. सर मूळचे अकोल्याचे, ते रस्ताभर तिथल्या उन्हाळ्याचं कौतुक सांगत होते, जसं काही तो त्यांनीच तयार केला होता.

सभागृहात पोचल्यावर कळलं की बाजू तिथेच चिठ्ठीने ठरणार. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या. माझ्याकडे 'करावं' आलं, तिच्याकडे 'करू नये'.

सरांनी आयोजकांना विनंती करून पाहिली. नियम म्हणजे नियम, ते म्हणाले. आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या राहिलो.

"माझं घे तू," ती म्हणाली. "मी तुझं घेते. तुले तर माझं पाठच असन."

पाठ होतं. शब्दन् शब्द पाठ होतं. पण ते मी कसं म्हणणार होते? माझं अक्षर चांगलं होतं, बाईंना वाटायचं हुशार आहे, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी मंचावर गेले आणि शिस्त, गुणवत्ता, स्पर्धेचं युग असं काहीतरी बोलत राहिले. माझ्याच कानांना ते रेडिओवर दुसरं कोणी बोलतंय असं वाटत होतं. घंटा वाजायच्या आधीच मी खाली उतरले.

तिच्या पाळीला मला वाटलं, ती माझे मुद्दे बोलेल. आत्मविश्वास वगैरे. ती माइकशी गेली, तो तिच्या उंचीला वर करून घेतला आणि म्हणाली :

"मी नववीत नापास झाली. माझ्यासोबत ऑटोत बसणाऱ्या पोरी दहावीत गेल्या. ऑटो तोच होता. मी दफ्तर मांडीवर पालथं ठेवायची, नववीची पुस्तकं दिसू नये म्हणून. आईनं शेजारी सांगितलं का मले टायफॉइड झाला होता, म्हणून वर्ष गेलं. शेजारच्या काकू आताही भेटल्या का विचारतात, तब्येत कशी आहे बाई? मी सांगते, बरी आहे. नापास झाल्यानं मले वाचता आलं नाही. वाचता आलं ते नव्या शाळेतल्या मॅडमनं सुटीत बसवून शिकवलं म्हणून. ते त्यांनी मी पास झाली असती तरी शिकवलं असतं."

मी तिच्या शेजारी वर्षभर बसले होते. टायफॉइडचं मला माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती मराठीच्या मॅडमकडे जाते हे माहीत होतं, पण मला वाटायचं, वह्या तपासायला मदत करायला जाते. अक्षर चांगलं होतं ना.

परीक्षकांपैकी एक बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "बाळ, हे तुझ्यावर आलेलं आहे, मग सांग. तुझं स्वतःचं मत काय? करावं की करू नये?"

तिने माइकवरचा हात काढला. मग म्हणाली, "मले नाही माहीत मॅडम."

मागे काही मुलं हसली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले की स्पर्धकाने आपली बाजू ठामपणे मांडली पाहिजे, शेवटी डळमळून चालत नाही. सर टाळ्या वाजवत होते, पण त्यांचं लक्ष आमच्याकडे होतं.

परतीच्या गाडीत त्यांनी आम्हाला मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन दिला आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. डब्यात गर्दी नव्हती. मूर्तिजापूर गेल्यावर मी तिला विचारलं, "त्या दिवशी वर्गात बोललीस ते खोटं होतं का मग?"

"खोटं काहून असन?"

"मग आज बोललीस ते?"

"तेही माझंच आहे ना. कोणाचं आणू?" तिने पुडीतले शेंगदाणे वेचून माझ्याकडे सरकवले. "चिठ्ठी निघाली तसं आठवत गेलं. त्या दिवशी तिसरीतलं आठवलं, आज ऑटोतलं."

मग ती म्हणाली, "सर म्हणतात विचारायचं नाही, पण सांगू? त्या दिवशी मत तर मी तुलेच देलं होतं."

"मला? तू तर 'करावं' बोललीस!"

"बोलली. मग चिठ्ठी लिवायला बसली अन् आईचा चेहरा आठवला, काकूले टायफॉइड सांगतानाचा. लिवलं 'करू नये'."

म्हणजे अख्खा वर्ग तिच्या बोलण्याने फिरला आणि ती स्वतः फिरली नव्हती. की फिरून परत आली होती? माझी चिठ्ठी कोरी होती हे मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की दारातून सरांनी वळून पाहिलं.

"तू वं?" ती म्हणाली. "ती बाद वाली तू होय?"

दहावी आणि मग बारावी आम्ही दोघी पास झालो. मी अमरावतीतच कॉलेजला आहे, ती अकोल्याला नर्सिंग करते आहे. सर बदलून गेले, शनिवारचा तास बंद पडला. आईची बदली शहराजवळ झाली आणि आता तिच्या पाचवीला फेरपरीक्षा असते. उन्हाळ्यात ती मुलांना बोलावून वाचायला शिकवते. निकालाच्या दिवशी घरी आली की आधी आडवी होते, मग चहा घेते.

गेल्या उन्हाळ्यात मैत्रिणीचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ आठवीच्या फेरपरीक्षेत गणितात गेला होता. तिच्या आईचं म्हणणं, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या पाया पडू, पुढे ढकला म्हणू. बाबांचं म्हणणं, जे होईल ते होऊ दे. आणि दोघंही हिच्याकडे बघत होते.

"तू सांग," ती म्हणाली. "तुले दोन्ही भाषणं पाठ आहेत."

पाठ होतीच. मी उगाच विचारलं, "त्याला काय वाटतं?"

"त्याले विचारलं त म्हणते, तुमी मतदान घ्या."

आम्ही दोघी हसलो. तिच्या मागे गाडीची घोषणा चालू होती. मी म्हणाले, उद्या करते फोन. केला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी तिनेच केला. शेवटी ती शाळेत गेली नव्हती, आईलाही जाऊ दिलं नव्हतं. भाऊ आठवीतच राहिला. ती अकोल्याहून सुट्टी काढून आली होती आणि त्याला सोडायला स्वतः ऑटोत बसून गेली होती. शाळेच्या फाटकाशी तो उतरेचना. त्याच्या वर्गातली जुनी मुलं नववीच्या इमारतीकडे चालली होती आणि तो दफ्तर पोटाशी धरून बसून राहिला. ऑटोवाला दोनदा म्हणाला, उतरा ना भाऊ. मग तो उतरला, मागे न बघता आत गेला.

"शेजारी काय सांगितलं?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. आईनंच सांगितलं." मग तिचा आवाज बारीक झाला. "बरोबर केलं ना मी?"

"हो," मी म्हणाले. "बरोबर केलंस."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. मी फोन हातात धरून गॅलरीत उभी राहिले. तिने पाया पडून त्याला नववीत बसवलं असतं आणि हाच प्रश्न विचारला असता, तरी मी हो म्हणाले असते, आणि तेही मला तितकंच खरं वाटलं असतं.